घोडीचं रविवारचं माप

घोड्याचं वजन घरच्या घरी काढता येतं, काटा लागत नाही. पुढच्या पायाच्या मागून, जिथं खोगिराचा पट्टा आवळतात तिथं, छातीभोवती टेप गुंडाळायची. जितके सेंटिमीटर येतील त्या आकड्याला त्यानंच गुणायचं. मग खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची, म्हणजे शेपटीखालपर्यंतची, लांबी मोजायची आणि तिनं गुणायचं. जो भलामोठा आकडा येतो त्याला अकरा हजार आठशे ऐंशीनं भागलं की किलो मिळतात. दोन-चार टक्के इकडेतिकडे होणारच, ते धरून चालायचं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या घरात मापात चूक धरून चालायची कुणालाच सवय नव्हती, आणि सगळं तिथंच बिघडलं.

बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात माप तपासायचे. पूर्ण नोकरी त्यांनी तेच एक काम केलं. मशीनवरून उतरलेला तुकडा हातात घ्यायचा, गेजमध्ये, मापाच्या साच्यात, घालायचा, केसभर कमी-जास्त निघाला तर बाजूला काढायचा. ही सवय ते रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचे. भिंतीवरची फळी, पडद्याची उंची, माझ्या शाळेच्या स्कर्टची लांबी, सगळं त्यांनी मोजलेलं असायचं आणि एकदा मोजलं की विषय संपला. लहानपणी मी एकदा त्यांनी मोजलेली टेबलाची लांबी पट्टीनं पुन्हा मोजायला घेतली, तर आईनं माझ्या हातातून पट्टी काढून घेतली होती. बाबांनी मोजलेलं पुन्हा मोजणं हा त्यांचा अपमान आहे, हे मला तेव्हाच कळलं. मी पुढं गणिताची शिक्षिका झाले, रोज शंभर पोरींना उत्तराचा ताळा करून पाहा म्हणून ओरडते, पण घरात हा नियम मी कधी मोडला नाही.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं. आम्ही तिघं जवळच बांधलेल्या छोट्या घरात राहायला आलो. पुढं ऐसपैस अंगण होतं. लोक अशा जागेत भाजी लावतात. बाबांनी घोडी आणली.

सिहोऱ्याकडचा एक घोडीवाला लग्नाच्या वरातीला घोड्या द्यायचा. नवरदेव आता सजवलेल्या गाडीतून येतात, म्हणून तो धंदा बंद करत होता. "बाबूजी, इसको कसाई को नहीं दूँगा, आप ले जाइए," असं तो म्हणाला, आणि आमचे बाबूजी घेऊन आले. आमचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे हिंदी मुलखात आले, एक जण घोडदळात होता, असं बाबा सांगतात. माझ्या मते तो कारकून असावा. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पोळी उरली म्हणून घोडीला दिली, आणि मग रोज एक पोळी उरायला लागली.

घोडी पांढरी होती आणि म्हातारपणाकडे झुकलेली. बाबा तिला नुसतं "बाई" म्हणायचे. सकाळी ते अंगणात आले की ती त्यांच्या उजव्या हाताच्या तळव्यात नाक ठेवून उभी राहायची. लग्नसराईत लांबून बँड ऐकू आला की ती पेरूच्या झाडाखालून निघायची आणि वरातीच्या चालीनं, एकेक पाय उचलत, अंगणभर चालायची. पाठीवर कुणी नाही, पुढं कुणी नाही. फाटकापाशी पोचली की थांबायची आणि नवरदेव उतरेपर्यंत थांबावं तशी थांबून राहायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर ती थांबली की मी घरात निघून जायला लागले. उतरणारं कुणीतरी खरंच आहे असं तिच्या उभं राहण्यावरून वाटायचं, आणि मला ते पाहायचं नव्हतं.

पाऊस ओसरता ओसरता ती आजारी पडली. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पायांवर सूज आली. जनावरांचे डॉक्टर आले, तरुण होते, रक्त घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "सर्रा है." गोमाश्या चावून रक्तात जाणारा रोग, जनावर आतून झिजवणारा. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि बाबांना समोर बसवून सांगितलं, "हर हफ़्ते वज़न लीजिए. बढ़े तो समझिए ठीक हो रही है. घटे तो उसी दिन फोन कीजिए, दूसरी सुई लगेगी. उसमें देर हुई तो फिर मेरे हाथ में कुछ नहीं."

ट्रक तोलतात त्या धर्मकाट्यावर नेता आली असती, पण घोडी गाडीत चढेना. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. "तो काटा दहा-दहा किलोच्या उड्या मारते," ते म्हणाले. "टेपनं घेऊ. मी आहे ना." डॉक्टरांनी मोबाईलवर रीत दाखवली. बाबा सराफ्यामागच्या गल्लीतून शिंप्याची टेप घेऊन आले. ती दीडशे सेंटिमीटरची निघाली, घोडी त्यात मावेना. मग दुसरी आणली, दोन्ही जोडून शिवल्या आणि अख्खी टेप स्टीलच्या पट्टीवर ठेवून एकेक सेंटिमीटर तपासून घेतली. टेपमध्ये काही खोट नव्हती. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर मी सगळ्यात आधी तिच्यावरच संशय घेतला.

पहिल्या रविवारी एकशे पंचावन्न आलं. लांबी दीडशे. मी पायरीवर वही घेऊन बसले होते, गुणाकार-भागाकार करून म्हटलं, तीनशे तीन किलो. बाबांनी मान हलवली. पुढच्या रविवारी एकशे छप्पन्न, तीनशे सात. त्याच्या पुढच्या रविवारी एकशे सत्तावन्न, तीनशे अकरा. बाबांनी डॉक्टरांना फोन केला. "बहुत बढ़िया," डॉक्टर म्हणाले. आईनं त्या दिवशी शिरा केला आणि मी दोनदा घेतला. घोडी वाचली असं आम्हाला वाटलं.

आमच्याकडे इतर दिवशी चाचणीच्या तोफांचे आवाज येत असतात. खिडकीची तावदानं थरथरतात, आम्हाला ते ऐकूही येत नाहीत. रविवारी मात्र ते बंद असतात आणि शांतता कानात भरते. त्या शांततेत बाबा घोडीच्या बाजूला उभे राहायचे, टेप तिच्या पोटाखालून घ्यायचे, वरच्या बाजूला दोन्ही टोकं जुळवायचे, तिनं श्वास सोडायची वाट पाहायचे आणि आकडा म्हणायचे. मी पलीकडे वहीत डोकं घालून. दर रविवारी आकडा एकानं वाढायचा. एकशे अठ्ठावन्न. एकशे एकोणसाठ. इतका नियमानं की मला आनंद व्हायचा थांबला आणि कसंतरी व्हायला लागलं. आजारातून उठणारं जनावर एखाद्या आठवड्यात अडकतं, एखाद्यात जास्त भरतं. हिचं वजन कुणीतरी आतून मोजून वाढवत होतं.

आणि डोळ्यांना ती वाढलेली दिसत नव्हती.

आई हे आधी बोलली. "अहो, ह्या बाईच्या पाठीवर खड्डा पडून राहिला, पाहा तुम्ही. काहून मग वजन वाढते हिचं?"

"डोळे फसवतात," बाबा म्हणाले. "टेप नाही फसवत. भरून राहिली ती."

मी वही उघडून सगळे गुणाकार पुन्हा केले, एकदा नाही, चारदा. बरोबर होते. मग पोटात पाणी साठलं असेल, सूज असेल, थंडीचे केस आले असतील, असली कारणं मीच शोधून मलाच सांगत बसले. शहाण्या माणसासारखी टेप उचलून स्वतः मोजावं हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. पण बाबांनी मोजलं होतं.

त्याच दिवसांत घर आवळायला लागलं. हा बाबांचा शब्द. आधी फाटकाचं कुलूप. किल्ली फिरेना म्हणून बाबांनी त्यात शिवणयंत्राचं तेल सोडलं, मग कुलूपच बदललं. मग न्हाणीघरातला नळ, लोणच्याच्या बरणीचं झाकण, स्कूटरचा क्लच. "सगळं जाम होऊन राहिलं," ते म्हणायचे आणि तेलाची कुपी घेऊन घरभर फिरायचे. मला कुलूप सहज उघडायचं. मला वाटायचं, तेलानं उघडलं. वस्तू फक्त त्यांच्याच हातात घट्ट होत होत्या, हे लक्षात यायला फार अक्कल लागत नाही, पण आम्हा दोघींकडे तेवढीही निघाली नाही.

घोडीला कळलं होतं असं मला आता वाटतं. ती सकाळी बाबांच्या उजव्या तळव्यात नाक ठेवेनाशी झाली. नाक आणायची, हात हुंगायची, खूप वेळ हुंगायची, आणि एक पाऊल मागं सरून त्या हाताकडे बघत राहायची. बाबांकडे नाही, हाताकडे. बाबा हसायचे, "आजारात चक्रम झाली," म्हणायचे. मी खिडकीतून ते पाहायचे. उन्हात ती इतकी पांढरी दिसायची की अंगाची कड हरवायची, नुसते दोन काळे डोळे त्या हातावर लागलेले दिसायचे.

मला एक विचित्र भीती बसली होती आणि ती मी कुणाला सांगितली नाही. गणिताच्या बाईनं ती कुणाला सांगावी? मला वाटायचं, अंगणात दोन घोड्या आहेत. एक मला दिसते, ती झिजते आहे. दुसरी मला दिसत नाही, ती दर रविवारी चार किलोनं वाढते आहे, आणि बाबा तिलाच मोजतात. एकदा भर दुपारी मी कपडे वाळत घालत होते तर मागं खूर वाजले, जड, सावकाश. मी वळले. घोडी लांब पेरूखाली तशीच उभी होती, मान खाली घालून. मी उरलेले कपडे बादलीत तसेच ठेवून आत आले आणि दार लावलं.

त्या रविवारी बाबा म्हणाले, एकशे त्रेसष्ट. मी भागाकार केला. तीनशे पस्तीस किलो. वहीप्रमाणे आमची घोडी कधी नव्हती एवढी धष्टपुष्ट झाली होती.

मंगळवारी मला शाळेला सुट्टी होती. बाबा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. तोफा चालू होत्या, तावदानं वाजत होती. मी घोडीला पोळी द्यायला गेले, ती तिनं घेतली नाही. मी तिच्या अंगावर हात ठेवला तर बोटं बरगड्यांच्या मधल्या खाचांत जाऊन बसली. मी घरात जाऊन खुंटीवरची टेप घेऊन आले. आई ओट्यापाशी होती. तिनं माझ्या हातात टेप पाहिली, पण या वेळी ती काढून घेतली नाही.

मी टेप पोटाखालून घेतली, वर आणली, ओढली, तिचा श्वास सुटेपर्यंत थांबले. एकशे पन्नास. मी पुन्हा घेतली. एकशे पन्नास. टेप उलटी घेतली, शिवण तपासली, तिसऱ्यांदा घेतली. तेच. डोक्यातल्या डोक्यात भागाकार झाला, तो थांबवता येत नाही मला. दोनशे चौऱ्याऐंशी. वहीतल्या घोडीपेक्षा पन्नास किलोनं कमी. आजारी पडली तेव्हापेक्षाही कमी. मनात पहिला विचार आला तो असा, की मग परवा बाबांनी ज्या घोडीभोवती टेप गुंडाळली ती कुठं आहे.

तेवढ्यात फाटक वाजलं. बाबा आले, वैतागलेले. "तीनदा अंगठा लावला तेव्हा कुठं घेतला. मशीन खराब होऊन राहिली त्यांची." मग माझ्या हातातली टेप त्यांना दिसली.

"बाबा, एकदा माप घेता का हिचं?"

"मंगळवारी काहून?"

"असंच. घ्या ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी पायरीवर ठेवली आणि टेप घेतली. या वेळी मी पायरीवर गेले नाही, त्यांच्या बाजूलाच उभी राहिले. त्यांनी टेप पोटाखालून घेतली, वर जुळवली आणि उजव्या हातानं ओढली. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. ओठ आवळले गेले. माणूस गच्च आवळतो तेव्हा जसा दिसतो तसे ते दिसत होते. "एकशे त्रेसष्ट," ते म्हणाले. "लिही."

मी वाकून पाहिलं. टेप घोडीच्या पोटाखाली लोंबत होती. मी तिच्यात हात घातला. माझा अख्खा हात मनगटापर्यंत आत गेला, घोडीला न लागता.

बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. त्यांनी पुन्हा ओढली, सगळा जीव लावून, खांदासुद्धा थरथरला. टेप जागची हलली नाही. मग त्यांनी सावकाश टोकं बदलली आणि डाव्या हातानं ओढली. टेप सर्रकन वर गेली आणि माझा हात घोडीच्या बरगड्यांवर दाबला गेला; मी तो काढून घेतला तशी ती पुरती आवळली गेली.

"एकशे पन्नास," त्यांनी वाचलं. आवाज कारखान्यातला होता, आकड्याशिवाय त्यात काही नव्हतं. घोडीनं मान वळवली आणि त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तेव्हा मीही पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगठ्याखालचा फुगीर भाग गेला होता, तिथं खळगा होता. दोन घोड्या कधीच नव्हत्या. माझी भीती गेली नाही, ती फक्त तिथून उठून इकडे आली.

"डॉक्टरला फोन कर," बाबा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

मी म्हटलं, "कोणत्या?"

"बाईच्या."

डॉक्टर दुपारीच आले. दोनशे चौऱ्याऐंशीच्या हिशेबानं दुसरं इंजेक्शन दिलं. "बहुत देर कर दी आपने," ते म्हणाले, आणि बाबांनी ते ऐकून घेतलं. चूक झाली, मापात झाली, असं ते स्वतः डॉक्टरांना म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. घोडी चार दिवस ना इकडे ना तिकडे होती. पाचव्या दिवशी तिनं आईच्या हातून पोळी घेतली. ती वाचली, पण पूर्वीसारखी झाली नाही. आता बँड वाजला तरी ती पेरूखालीच उभी असते.

बाबांना मी नागपूरला नेलं. सुया टोचून, वीज लावून तपासण्या झाल्या. नसांचा रोग निघाला. स्नायू एकेक करून सुकत जातात, आधी हात, मग बाकीचं. औषध आहे, पण त्यानं थोडा वेळ मिळतो, एवढंच. परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर पाहत बसले होते. मध्येच म्हणाले, "कुलूप उगीच फेकलं. चांगलं होतं ते." मला रडू आलं, आणि मी डोळे पदरानं पुसले, लपवले नाहीत.

पुढच्या रविवारी मी घोडीचं माप घेतलं. बाबा पायरीवर बसून पाहत होते. मी टेप गुंडाळून घरात निघाले तर म्हणाले, "थांब. आता माझं घे." त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि उजवा हात पुढं धरला. मी म्हटलं, कशाला. "जिथं घटते तिथं लक्ष ठेवायला लागते," ते म्हणाले. कोपराखाली चार बोटं सोडून कुठं मोजायचं तेही त्यांनीच ठरवलं आणि पेनानं तिथं खूण केली. तेव्हापासून दर रविवारी आमच्याकडे दोन मापं होतात. आई वही घेऊन बसते. मी मोजते. त्या शांततेत घोडीसुद्धा जवळ येऊन उभी राहते.

परवाच्या रविवारी टेप गुंडाळतानाच मला कळलं की आकडा खाली जाणार. मी अंगठा सैल सोडला, अगदी जरासा.

"साडेबावीस," मी म्हटलं. मागच्या रविवारी तेच होतं. आईनं लिहायला पेन टेकवलं.

बाबा हाताकडे पाहतही नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते.

"सैल आहे बेटा," ते म्हणाले. "ओढ."

मी ओढली. बावीस. आईनं तेवढंच लिहिलं.